कर्मवीर भाऊराव पाटील : सर्वांची शाळा आणि चांगली शाळा

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समाजातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा माझ्या मनात दुसरे नाव आलेच नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या समाजात जन्मले, याचा अभिमान आपण प्रत्येक व्यासपीठावरून व्यक्त करतो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील काही प्रसंग आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवतो. ते बाजूला न ठेवता लिहावे, असा माझा प्रयत्न आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन चार दशके कापडाची पेढी सांभाळलेला माणूस आहे. त्यामुळे या चरित्राकडे मी थोडे हिशेबाच्या नजरेने पाहिले आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तेवढ्याच सुतात पन्हा वाढविला की पोत विरळ होतो. शिक्षणाच्या बाबतीतही हाच युक्तिवाद इंग्रजी अमदानीपासून होत आला आहे. शाळा थोड्या असाव्यात पण उत्तम असाव्यात, असे एक मत. उत्तम नसल्या तरी त्या गावोगाव असाव्यात, असे दुसरे मत. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते नामंजूर झाले. पुढे १९२९ साली सर फिलिप हार्टाग यांच्या समितीने विस्तार आवरून आहेत त्या शाळा सुधाराव्यात असा अभिप्राय दिला. त्या समितीचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. पहिल्या इयत्तेत आलेल्या मुलांपैकी चौथीपर्यंत फारच थोडी मुले पोहोचत होती, हे खरेच होते. मात्र ज्या गावात शाळाच नव्हती, त्या गावातील मुलांनी सुधारणा होईपर्यंत काय करावे, याचे उत्तर त्या अहवालात नव्हते. भाऊरावांचे सारे आयुष्य या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेले.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या डोंगराजवळचे हे गाव आपल्यापैकी अनेकांनी यात्रेच्या निमित्ताने पाहिले असेल. त्यांचे मूळ घराणे दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथील. पुढे ते वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले. वडील महसूल खात्यात कारकून असल्याने बदल्या होत आणि मुलाचे शिक्षणही गावे बदलत चाले. मुलगा अंगाने दांडगा आणि स्वभावाने बंडखोर होता. अस्पृश्यांना पाणी नाकारणाऱ्या विहिरीचा रहाट त्याने लहानपणीच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रात आवर्जून येते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि राहण्याची सोय जैन वसतिगृहात झाली. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाची शैक्षणिक जागृती त्या काळात नुकतीच सुरू झाली होती. १८९९ साली स्थापन झालेल्या सभेच्या कार्यातून हे वसतिगृह उभे राहिले होते आणि त्याची सूत्रे अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या विद्वान, सुधारक गृहस्थाकडे होती. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून मगच आत यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले.

वाचकहो, ते वसतिगृह आपलेच होते. ज्यांनी त्यांना बाहेर काढले ते कोणी दुष्ट लोक नव्हते. समाजातील मुले शिकावीत म्हणून झटणारी, देणग्या गोळा करणारी, तुमच्या-माझ्यासारखीच माणसे होती. मला हा प्रसंग अस्वस्थ करतो तो याच कारणाने. आपण एक दार उघडतो तेव्हा ते किती रुंद उघडायचे हे ठरविण्याची वेळ येते, आणि बहुतेक वेळा आपण स्वतःच्या खांद्याच्या मापाचे उघडतो. आमच्या न्यासाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात समाजाचा दाखला जोडण्याची अट आहे. दोन शिष्यवृत्त्या त्या अटीविना द्याव्यात, असे मी विश्वस्तांच्या सभेत एकदा सुचविले होते. सूचना कोणी फेटाळली नाही. सुवर्णमहोत्सवानंतर विचार करू, असे ठरले.

वसतिगृहातून बाहेर पडल्यावर भाऊरावांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. ज्या राजाने पुढे १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि जातीजातींसाठी वसतिगृहे काढली, त्याच्या सहवासात हा तरुण वाढला. अभ्यासात मात्र त्याची प्रगती यथातथाच होती. महाराजांनी हेडमास्तरांकडे या मुलाला वरच्या वर्गात घालण्याविषयी शब्द टाकला, असे सांगतात. त्यावर, तो ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वरच्या वर्गात नेऊन ठेवतो, पण मुलाला ढकलता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर हेडमास्तरांनी प्रत्यक्ष छत्रपतींना दिले. महाराजांनीही ते मानले. ही हकिकत आपण हसण्यासाठी सांगतो. मला तिच्यात निराळेच काही दिसते. बहुजनांच्या मुलासाठी शाळेचे दार उघडे असावे हा महाराजांचा आग्रह, आणि आत आल्यावर कसोटी सर्वांना सारखीच असावी हा हेडमास्तरांचा आग्रह, हे दोन्ही एकाच शाळेत त्या दिवशी समोरासमोर आले. भाऊराव मॅट्रिक झाले नाहीत. पण पुढे त्यांनी ज्या शाळा काढल्या त्यांत हे दोन्ही आग्रह त्यांनी सोडले नाहीत.

१९१४ साली कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर होता आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. त्यांनी साक्ष दिली नाही. त्यासाठी कोठडीत छळ सोसला. तो असह्य होऊन प्राण देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलले नाहीत. ज्या लठ्ठ्यांच्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले, त्यांच्यासाठीच हे सारे सोसले. आणि हे सर्व ज्या संस्थानात घडले, त्या संस्थानाच्या अधिपतीचे नाव त्यांनी पुढे आपल्या पहिल्या मोठ्या वसतिगृहास दिले. सत्याणुव्रतावर आपण पर्युषणात व्याख्याने ऐकतो. हे त्याचे आचरणातील उदाहरण आहे.

यानंतर साताऱ्यात शिकवण्या, विम्याची एजन्सी, ओगले काच कारखान्याचे कंदील, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर असा त्यांचा व्यवसायाचा काळ आला. हा भाग चरित्रकार घाईने उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यास नांगर विकणे ही सोपी गोष्ट नव्हती. त्यासाठी बांधावर जावे लागे, प्रात्यक्षिक द्यावे लागे, उधारी सांभाळावी लागे. गावोगाव हिंडताना त्यांना शेतकऱ्याचे अज्ञान आणि सावकाराच्या वहीवर उठणारा त्याचा अंगठा जवळून दिसला. पुढे शाळांसाठी जागा, धान्य आणि पैसा मागत ते याच वाटांनी फिरले. कोणत्या गावात कोणाचा शब्द चालतो, कोण देईल आणि कोण नुसतेच बोलेल, हे फिरत्या विक्रेत्याइतके कोणाला कळते? साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. नंतर मतभेद होऊन ते तेथून बाहेर पडले.

संस्थेचे बीज मात्र त्याआधीच पडले होते. १९१० च्या सुमारास दुधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले होते. पुढे सत्यशोधक समाजाच्या कार्यात असताना, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले, नेर्ले येथे वसतिगृहे निघाली. १९२४ साली संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्रत्येक जातीचे वसतिगृह वेगळे काढले होते. त्या वेळी ते आवश्यकही होते, कारण प्रत्येक जातीला आपल्या मुलांची जबाबदारी घ्यायला लावायची होती. भाऊरावांनी एक पाऊल पुढे टाकून सर्वांना एका छपराखाली, एका पंक्तीत आणले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, लिंगायत अशी सर्व मुले एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवत आणि एकत्र अभ्यासाला बसत. ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य समाजातील मुलगा त्यांनी आपल्या घरी आणून वाढविला; तो पुढे मुंबईच्या विधिमंडळाचा सदस्य झाला.

या ठिकाणी सौभाग्यवती लक्ष्मीबाईंचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. कर्मठ जैन घरात वाढलेली ही स्त्री. सोवळेओवळे, पाणी गाळून घेणे, सूर्यास्तापूर्वी भोजन, या संस्कारांत तिचे बालपण गेलेले. तिने आपल्या चुलीशी सर्व जातींची मुले बसविली. मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने एकेक करून गेले. भाऊराव फिरतीवर असताना वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा तिने आपले मंगळसूत्रही मोडले. १९३० साली तिचे निधन झाले. कापडाच्या दुकानात मी अनेक वर्षे स्त्रिया लग्नाचे बस्ते बांधताना पाहिल्या आहेत. दागिन्यांविषयी त्या काय बोलतात, कशा बोलतात, हे ऐकले आहे. त्यामुळे ही हकिकत वाचताना माझे डोळे भरून येतात. भाऊरावांच्या संस्थेचे भांडवल किती होते, असे मला कोणी विचारले तर पहिली रक्कम मी लक्ष्मीबाईंच्या नावे मांडीन.

आता हिशेबाचा भाग. एवढी मुले मोफत ठेवायची, तर खर्च भागणार कसा? पालकांनी पैसा नसेल तर धान्य द्यावे, गावाने मूठमूठ धान्य गोळा करून मुष्टिफंड उभा करावा, आणि उरलेले मुलांनी श्रमाने मिळवावे, अशी त्यांची योजना होती. साताऱ्यातील धनिणीच्या बागेत मुले भाजीपाला पिकवीत, दगड फोडीत, इमारतींच्या बांधकामावर राबत, स्वयंपाक आणि झाडलोट स्वतः करीत. फुकटचे घेतलेले शिक्षण मुलाला मिंधे करते आणि विकत घेण्याची त्याची ऐपत नसते. तेव्हा त्याने ते कमवावे, असा हा विचार होता. श्रमात वेळ गेल्याने अभ्यासाचे नुकसान होते, अशी टीका तेव्हाही झाली, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सकाळभर कुदळ मारलेल्या मुलाला रात्री कंदिलाच्या उजेडात गणित सुचणे कठीणच. पण पर्याय शाळा की श्रम असा नव्हता. श्रम त्या मुलाच्या नशिबी होतेच. त्यांना शाळेची जोड मिळाली.

१९३२ साली गांधीजी व डॉ. आंबेडकर यांच्यात येरवड्यास झालेल्या कराराच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. आणि १९३५ साली साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. या घटनेकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. गावोगाव प्राथमिक शाळा काढण्याची त्यांची मोठी मोहीम सुरू झाली ती यानंतर, १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर. शाळा नसलेल्या खेड्यांत स्वयंसेवी संस्थांनी शाळा काढाव्यात व सरकारने अनुदान द्यावे, अशी योजना निघाली आणि रयतेने तिचा पुरेपूर उपयोग केला. (त्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे; काळ कोणाची गाठ कोठे घालील ते सांगता येत नाही.) म्हणजे आधी शिक्षक घडविण्याची सोय झाली आणि मग शाळा निघाल्या. देवळाच्या ओवरीत, चावडीत, कोणाच्या गोठ्यात शाळा भरे. इमारत नव्हती, बाके नव्हती. पण जो मास्तर त्या ओवरीत उभा राहणार, त्याच्या शिक्षणाची काळजी आधीच घेतलेली होती. १९४२ साली स्त्री-शिक्षिकांसाठी जिजामाता ट्रेनिंग कॉलेज निघाले. हार्टाग समितीच्या प्रश्नाला साताऱ्यातून मिळालेले उत्तर मला येथे दिसते. पन्हा वाढवायचा तर आधी सूत काता.

अशा व्हॉलंटरी शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. पुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण सरकारने स्वतःकडे घेतल्यावर त्या स्कूल बोर्डाकडे सोपविण्यात आल्या. स्वतः उभारलेली दुकाने दुसऱ्याच्या ताब्यात देताना व्यापाऱ्याचे मन कसे होईल, याची मला कल्पना आहे. भाऊरावांनी मात्र लक्ष माध्यमिक शिक्षणाकडे वळविले. १९४० साली साताऱ्यास मोफत व निवासी असे महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले होते. ज्या बडोदे नरेशांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांचे नाव त्या शाळेला देण्यात औचित्य होते. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले; तेथेही कमवा आणि शिका हीच योजना होती. या कॉलेजला आपले नाव द्यावे या अटीवर मोठी देणगी देऊ करणारे एक धनिक आले होते, असे सांगतात. एक वेळ स्वतःच्या वडिलांचे नाव बदलीन पण शिवाजी महाराजांचे बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. आपल्या संगमरवरी पाट्यांच्या काळात हे उत्तर थोडे बोचते.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारशी मतभेद विकोपास जाऊन संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे जेवण अडले. सरकारी पैशावर उभ्या असलेल्या कामाची ही कायमची दुखरी नस आहे. देणारा हात आवडीनिवडीही ठरवू लागतो. भाऊराव वाकले नाहीत; लोकांपुढे झोळी घेऊन गेले आणि लोकांनी दिले. अखेर गाडगे महाराजांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाड येथे निघालेल्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. १९५५ साली साताऱ्यास आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. माध्यमिक शाळा वाढल्या तेव्हा माध्यमिक शिक्षकांच्या शिक्षणाची सोय आलीच. हायस्कुलांची संख्या त्यांच्या हयातीतच शंभरावर गेली.

गुणवत्ता टिकली का, हा प्रश्न राहतो. याच वसतिगृहातून बॅ. पी. जी. पाटील यांच्यासारखे विद्यार्थी निघाले. इंग्लंडमध्ये शिकून ते संस्थेतच परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अल्प वेतनावर आयुष्य देणाऱ्या आजीव सेवकांची परंपरा निर्माण झाली. पण एका कुलगुरूच्या उदाहरणाने शेकडो शाळांचा दर्जा सिद्ध होत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सर्व शाखा सारख्या नव्हत्या. मास्तर चांगला तेथे शाळा चांगली, हे तेव्हाही होते. शंभर वर्षे ओलांडलेल्या या संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत. त्या सर्वांचा कस एकसारखा राखणे, हे संस्थापकाच्या काळापेक्षाही कठीण काम आहे.

हा जुना वाद अद्याप मिटलेला नाही. २०१७ साली महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. त्या वेळी कारण गुणवत्तेचेच सांगितले गेले. एवढ्या थोड्या मुलांत शिक्षण नीट होत नाही, मोठ्या शाळेत ते चांगले होईल, असे म्हटले गेले. त्यात तथ्य असेलही. पण धनगरवाड्यावरच्या सात वर्षांच्या मुलीला ती मोठी शाळा किती लांब पडते, याचा हिशेब कोणीतरी पायी चालून केला पाहिजे. भाऊरावांनी तो पायी चालूनच केला होता. मी स्वतः या बाबतीत कोणास उपदेश करण्याच्या स्थितीत नाही. माझी नातवंडे भरपूर फी असलेल्या इंग्रजी शाळेत जातात. माझ्या दुकानात गाठी उचलणाऱ्या माणसाचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. दोघेही पाचवीत आहेत. मागील दिवाळीत त्या मुलाने दुकानात बसून माझ्या वहीतील बेरजा तोंडी पडताळून दाखविल्या. त्याला शिकविणारे गुरुजी चांगले आहेत, असे त्याचे वडील सांगत होते. पण त्यांची बदली होणार आहे.

भाऊरावांची प्रकृती अखेरच्या काळात ढासळत गेली. २६ जानेवारी १९५९ रोजी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब जाहीर केला. कर्मवीर ही पदवी जनतेने त्यापूर्वीच दिली होती. एप्रिल १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने, मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ मे १९५९ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यास, संस्थेच्या आवारात आहे. आपल्या न्यासाची सहल येत्या हिवाळ्यात कुंभोज-बाहुबलीस जाणार आहे असे कळते. जाताना सातारा वाटेवर लागत नाही, थोडी वाकडी वाट करावी लागेल. ती करावी, अशी व्यवस्थापक मंडळास माझी विनंती आहे.